ती कलम आणि ते कलम

चहा घ्या आधी. बिस्किटंही घ्या, लाजू नका. पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, हसताना चहा सांडणार, आणि मग फडकं शोधायला मलाच उठावं लागणार. म्हणून म्हटलं, कप आधी रिकामा झालेला बरा.

माणसाने वेंधळेपणा करावा, माझी ना नाही. पण तो घरातल्या घरात करावा. मी तो कॉलरला माइक लावून केला.

आमचं घर तुम्ही बघितलेलं नाही, म्हणून सांगतो. पालीच्या पुढे एसटी फाट्यावर सोडते. तिथून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरत उतरत यायचं, वीस मिनिटं. उतरताना वीस, चढताना कितीही. तीस वर्षं मी मुंबईत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली आणि निवृत्त झालो त्याच महिन्यात सामान बांधून इथे आलो. आजोबांच्या हातची बाग होती. हापूसची तीस कलमं.

आता आमच्याकडे कलम म्हणजे कलमी आंब्याचं झाड. दुसरा अर्थ असेल डिक्शनरीत, आमच्या वाडीत नाही. कोणी विचारलं, "कलमं कशी आहेत?" की आम्ही मोहोर किती आला, तुडतुड्याची कीड पडली का, ते सांगतो. पोराबाळांची चौकशी त्याच्यानंतर.

मालती, म्हणजे आमची मंडळी, तिला बागेचं तसं वेड नाही. सकाळी लहान रोपांना पाणी घालते, तेवढंच. तिचं वेड पुस्तकांचं. पालीला बाजाराला गेली की पिशवीत खाली कांदे, वर वाचनालयाची दोन पुस्तकं. एकदा कांदे विसरून आली होती, पुस्तकं नव्हती विसरली.

आणि माझं वेड टीव्ही. मी कशाला लपवू? संध्याकाळी सातची मालिका मी चुकवत नाही. त्यातली सून गेली तीन वर्षं छळ सोसतेय आणि मी तिच्याबरोबर सोसतोय. मध्ये कोणी बोललेलं मला चालत नाही. मालती शेजारी बसते, पण नको तिथे हसते. सून रडायला लागली की ही हसते. मग मी "श्श" म्हणतो, मग ती उठून मोबाइल घेते आणि अंगठ्याने टकटक टकटक काहीतरी लिहीत बसते. मला वाटायचं, बहिणींशी गप्पा मारतेय. तिला चार बहिणी आहेत, चार जणींशी गप्पा म्हणजे तेवढा वेळ लागणारच.

हे सगळं डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. रेंज येते ती फक्त थोरल्या कलमाखाली. थोरलं म्हणजे आजोबांनी बांधलेलं पहिलं. का येते देवाला ठाऊक, पण पानांखाली उभं राहिलं की दोन दांड्या दिसतात. त्यामुळे कोणाचा महत्त्वाचा फोन यायचा असला की आम्ही मोबाइल कापडी पिशवीत घालून त्याच्या खालच्या फांदीला टांगून ठेवतो. लिहिलेलं पाठवायलासुद्धा मालतीला तिथेच जाऊन बसावं लागतं. दुपारची भांडी आवरली की ती पाट घेऊन थोरल्याखाली जाते.

तर यंदा जानेवारीत मालतीने तो मोबाइल रोज टांगायला सुरुवात केली. सकाळी उठली की आधी पिशवी फांदीला, मग चूल. दिवसातून दहा वेळा जाऊन बघून यायची. मी विचारलं, "कोणाचा फोन यायचाय?" तर म्हणाली, "यायचाय एक." एवढंच. मी म्हटलं, असेल बहिणीचा. कोणाचं तरी लग्न ठरत असेल.

एका दुपारी ती वाडीत हळदीकुंकवाला गेली होती. मी थोरल्याखाली उभा राहून मोहोर बघत होतो. यंदाचा मोहोर असा की डोळ्यांचं पारणं फिटावं. तेवढ्यात माझ्या कानाजवळ पिशवी वाजायला लागली.

"नमस्कार, मालतीताई आहेत का?" बाईचा आवाज. तरुण. पुणेरी.

"नाहीत. मी त्यांचे मिस्टर बोलतोय. सांगा."

"अय्या, काका तुम्ही! मी सई बोलतेय, पुण्याहून. आमचा टीव्हीवर एक कार्यक्रम असतो, 'मातीतली कलम'. आम्हा सगळ्यांना ताईंची कलम इतकी आवडलीये ना!"

आता तुम्ही हसलात. तुम्हाला लगेच कळलं, कारण तुम्ही इथे खुर्चीवर बसलायत. मी कुठे उभा होतो? कलमाखाली. डोक्यावर मोहोर, हातात मोहोर, नाकात मोहोर. मला दुसरं काय सुचणार होतं?

बरं, "ताईंची" का म्हणाली, तेही माझं मी जुळवलं. दोन वर्षांपूर्वी कसल्याशा योजनेसाठी मी बाग मालतीच्या नावावर केली होती. सातबारावर तिचं नाव. सरकारदरबारी कलमं तिचीच.

एक गोष्ट मात्र खटकली होती हं. "ताईंची कलम" म्हणाली. आमच्याकडे ते कलम. नपुंसकलिंगी. "ताईंचं कलम" म्हणायला हवं. पण मी मनात म्हटलं, पुण्याची मुलगी, तिने आंबा पेटीत बघितलेला, झाडाचं लिंग तिला काय ठाऊक. आणि मोठ्या मनाने मी ती चूक पोटात घातली. चूक तिची, असं समजून.

"कुठे बघितलीत आमची कलमं?" मी विचारलं.

"मोबाइलवरच की. आमच्या सगळ्या टीमने बघितलंय."

हे पटण्यासारखं होतं. आंबा बागायतदारांच्या ग्रुपवर मी मोहोराचे फोटो टाकले होते. सत्तावीस.

"हे सगळं कधीपासून आहे काका, तुमच्याकडे?"

"आजोबांपासून."

"काय सांगता! म्हणजे घराण्यातच आहे?"

"आजोबा तर सकाळपासून त्यातच असायचे. जेवायला हाका मारून बोलवायला लागायचं."

"किती छान. आणि ताई रोज किती वेळ देतात याला?"

"ती कसली वेळ देते. सगळं मीच बघतो. ती आपली पाणी घालते तेवढं."

यावर ती खळखळून हसली. म्हणाली, "काका, तुम्ही अगदी तसेच आहात! बरं, सध्या नवीन काय चाललंय?"

"सध्या मोहोर आहे. नुसता डवरलाय. याच, बघायला."

"मोहोर!" ती म्हणाली. "किती सुंदर बोलता हो तुम्ही." आणि पुढच्या बुधवारी सकाळी येतो म्हणाली. मी तिला फाटा, पाखाडी, सगळं समजावून सांगितलं. "ताईंना सांगाल ना नक्की?" तिने दोनदा विचारलं. "सांगतो हो," म्हटलं. "तिला सांगायलाच लागेल, जेवण तीच करणार."

मालती परत आली तेव्हा मी ओटीवर तिची वाटच बघत होतो.

"अगं, तुझ्या मोबाइलवर फोन आला होता. टीव्हीवाल्यांचा. बुधवारी येतायत."

ती दारातच थांबली. हातातलं वाण तसंच हातात. "काय म्हणाले? माझ्यासाठी होता?"

"तुझ्यासाठी कशाला असेल? कलमं बघायला येतायत."

"कलमं? आंब्याची?"

"नाहीतर काय फणसाची?"

"कार्यक्रमाचं नाव काय म्हणाले?"

इथे घोळ झाला. मला नाव आठवेना. म्हटलं, "शेती-माती असं काहीतरी. शेतीचाच कार्यक्रम आहे."

"अच्छा," ती म्हणाली. वाण देवापुढे ठेवलं आणि आत गेली. मग आतूनच विचारलं, "किती माणसं आहेत जेवायला?"

दुसऱ्या दिवसापासून फांदीला पिशवी दिसली नाही. मला वाटलं, आला असेल बहिणीचा फोन.

पुढचे सहा दिवस मी काय करत होतो, ते विचारू नका. बागेतलं सगळं गवत बेणलं. बुंध्यांना चुना आणि गेरू लावला. केस कापून आलो. शेजारचा दत्ताराम मला मदतीला होता. म्हणजे कोयता माझ्या हातात आणि तो कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून प्रश्न विचारायला.

"भाऊ, टीवीवाले कशाला येतायत?"

"कलमांसाठी."

"आमची पन कलमं हायत. आमच्याकडं नाय येत कोन."

"तुझ्या कलमांकडे तू तरी बघतोस काय?"

"तेबी खरं," दत्ताराम म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "मला वाटलं, वैनींसाटी येतायत."

मी म्हटलं, "वहिनींना काय बघायचंय?" तो खिशात बिडी शोधायला लागला. माझा कोयता तेव्हा एका वेलीत अडकला होता, मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर हा चहा आज आपण दुसऱ्याच कुठल्या विषयावर प्यायलो असतो.

बुधवारी साडेदहाला मंडळी पाखाडी उतरली. सई, एक कॅमेरावाला आणि काठीला केसाळ बोंडुक बांधून फिरणारा तिसरा, आवाजासाठी. सईने आल्या आल्या विचारलं, "ताई कुठे आहेत? नंतर मी त्यांना चार वेळा फोन लावला, लागलाच नाही."

"कसा लागणार? मोबाइल घरात, तिथे रेंज नाही. ती आत आहे. कोंबडी शिजतेय," मी म्हटलं. "भेटाल हो, ती कुठे जाते? आधी बाग बघा. ऊन डोक्यावर आलं की मोहोर फोटोत पांढरा दिसतो."

"काका, आम्हाला दोनला गणपतीपुळ्याकडे निघायचंय. तिथे संध्याकाळचं शूटिंग आहे."

"भरपूर वेळ आहे," मी म्हटलं.

मी त्यांना तिसांतल्या तिसांपुढे नेऊन उभं केलं. कुठलं कधी लागतं, कुठलं एक वर्षाआड रुसतं, कुठल्यावर वानर आधी येतात. ती तिघंही हसत हसत ऐकत होती. सई मध्येच कॅमेरावाल्याच्या कानात म्हणाली, "अरे, हे खरंच तसेच आहेत." मला वाटलं, माझं नाव पुण्यापर्यंत पोचलंय. छाती आपोआप दोन इंच पुढे आली.

थोरल्यापाशी आलो तेव्हा तिथे मालतीचा पाट पडलेला होता. सई एकदम थबकली.

"ताई इथेच बसतात ना?"

"हो. दुपारची. मोबाइल घेऊन. काय टकटक करत असते, तिचं तिला माहीत."

सईने डोळ्यांनी खूण केली आणि कॅमेरावाल्याने त्या रिकाम्या पाटाचं चांगलं पाच मिनिटं शूटिंग केलं. वरून, खालून, बाजूने. तीस कलमं सोडून हा माणूस पाट कशाला टिपतोय, मला समजेना. मग मी जरा पाटाच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभा राहिलो, म्हणजे चित्र बरं दिसेल.

"काका, तुमच्याशीही थोडं बोलूया," सई म्हणाली. माझ्या कॉलरला माइक लागला.

"ताईंच्या कलमेचं वैशिष्ट्य काय सांगाल?"

मी तयारीतच होतो. घसा खाकरून म्हटलं, "साल पातळ, रस भरपूर, आणि आत रेषा म्हणून नाही."

बोंडुकवाल्याची काठी हलायला लागली. सईने ओठ आवळून धरले होते.

"आणि कोणी नावं ठेवतं का?"

"ठेवतात की. आमचा दत्ताराम म्हणतो, पलीकडच्या वाडीतली जास्त गोड."

"मग तेव्हा ताई काय करतात?"

"ती काय करणार? मीच फवारणी करतो."

कॅमेरावाला मांडीवर थाप मारून हसला. मला जरा विचित्र वाटलं, पण टीव्हीवर हसऱ्या माणसांना भाव असतो, म्हणून मीही हसलो.

"शेवटचं, काका. याचं मूळ कशात आहे, असं वाटतं?"

"मूळ रायवळ," मी म्हटलं. "कोयीचं. रानात उगवलेलं. हापूसची फांदी फक्त वर बांधतात. खाली खुंट रायवळच लागतो, म्हणून तर इतकी वर्षं टिकतं."

सई गंभीर झाली. "किती मोठं बोललात तुम्ही," म्हणाली. मला त्यात मोठं काय ते कळलं नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

या सगळ्यात एक वाजून गेला. आणि मालती आम्हाला शोधत बागेत आली. हातात ट्रे, त्यात कोकम सरबताचे पेले. घरातलीच साडी, कोपरापर्यंत पीठ. जेवायला कधी येताय, तेवढंच विचारायला आली होती बिचारी.

सई धावतच गेली आणि वाकून तिच्या पाया पडली.

"मालतीताई! मी सई. मागे तुम्हाला मेलवर लिहिलं होतं ना, संक्रांतीच्या सुमाराला फोन करते म्हणून? 'मातीतली कलम'वाली."

ट्रे वाकडा झाला. दोन पेले गेले. मालती सईकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग माझ्या कॉलरवरच्या माइककडे.

"तुम्ही माझ्यासाठी आलात?" ती हळूच म्हणाली.

"मग कोणासाठी? काकांना सगळं सांगितलं होतं की फोनवर."

"हे म्हणाले, आंब्याची कलमं बघायला येतायत."

मोहोरावरच्या माश्या तेवढ्या घोंघावत होत्या. गडग्यावरून दत्तारामचा आवाज आला. तो सकाळपासून तिथेच बसून होता.

"भाऊ, ती कलम म्हंजे लिवायची ओ."

मी म्हटलं, "काय लिहायची?"

"वैनी लिवतात ना. इंटरनेटवर. 'मागल्या पडवीतून' म्हनून. चार वर्सं झाली. आमच्या घरात दर आयतवारी मोटी सून वाचून दाकवते. पुस्तकांचं लिवतात, टीवीचं लिवतात, वाडीचं लिवतात. जाम हसतो आमी." मग जरा अडखळून म्हणाला, "तुमचं पन असतं त्यात."

सईला आता कुठे उलगडा होत होता. "म्हणजे काका, तुम्ही इतका वेळ गंमत नव्हता करत?"

"मी आयुष्यात गंमत केलेली नाही," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

गंमत बाजूला ठेवून सांगतो, मला त्या वेळी फार लाज वाटली. त्या पोरांसमोर नव्हे, मालतीसमोर. फांदीला रोज टांगलेली ती पिशवी मला आठवली. दिवसातून दहा वेळा तिचं जाऊन बघणं. आणि मी सांगितल्यावर वाण देवापुढे ठेवून मुकाट आत जाणं. तिला वाटलं असणार, आपल्याला कोणी बोलावलं नाही, नवऱ्याच्या आंब्यांना बोलावलं. सहा दिवस ती त्या आंब्यांसाठी मसाले वाटत होती.

सईने घड्याळ बघितलं. "ताई, तीस-पस्तीस मिनिटं आहेत. पटकन बसूया?"

"नको," मालती म्हणाली. "मी अशी पिठाची. वडे तळायचे राहिलेत. तुम्ही उपाशी जाल. यांचं घेतलंत ना? तेच दाखवा."

"यांचं काय दाखवता," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण बोंडुकवाल्याने दचकून कानावरचा हेडफोन काढला. "तू बस. वडे मी तळतो."

"तुम्ही?"

"मी."

"भाऊ, तुमी?" गडग्यावरून दत्ताराम.

मी माइक काढून सईच्या हातात दिला आणि घराकडे निघालो. मागे वळून बघितलं तर मालती पदराने हात पुसत होती. मग ती पाटावर बसली, थोरल्याला पाठ टेकून.

वड्यांविषयी मी फार बोलणार नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मी त्या कढईसमोर पहिल्यांदा उभा होतो. पीठ हाताला चिकटत होतं, हात सोडून बाकी कशाला चिकटत नव्हतं. वडा फुगायला हवा, हे मला खाऊन माहीत होतं. एकही फुगला नाही. सकाळपासून मी फुगलो होतो, ते त्या दिवसापुरतं पुरे झालं.

पण चुलीसमोरच्या खिडकीतून थोरलं दिसतं. ऐकू येत नव्हतं, दिसत होतं फक्त. मालती बोलत होती. हातवारे करत होती, हसत होती, मध्येच मोबाइल डोळ्यांसमोर धरून वाचत होती. ती माणसं पुढे झुकून ऐकत होती. इतकं सलग बोलताना मी तिला घरात कधी बघितलं नव्हतं. सात वाजता मी "श्श" म्हणतो ना, ते तिने बाकीच्या वेळेलाही लावून घेतलं असावं. दोन वडे त्यात करपले. करपू देत म्हटलं.

पाहुण्यांनी ते वडे खाल्ले. पुण्याची माणसं सभ्य असतात.

कार्यक्रम लागला त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराला. आमच्या घरात सगळी वाडी. पुढे सतरंजीवर बायका, मागे उभे पुरुष, दत्ताराम अगदी टीव्हीच्या पायाशी. खुर्ची एकच, ती माझी, ते वाडीला माहीत आहे. मालती मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पुढे ये की," मी म्हटलं. "इथून दिसतंय," म्हणाली. मध्येच तिने मला चहा आणून दिला. आणि त्याआधीही एक दिला होता.

मी मनात म्हटलं, मला कापलं असणार. तसंच हवं. आणि सुरुवातीला खरंच मी कुठे नव्हतो. मालती होती. कुठली पुस्तकं वाचली, ते सांगत होती. गावात राहून काय लिहायचं, असं लोक विचारतात, त्यावर बोलत होती. मालिकेतल्या सुनांना घरात कधी झाडू मारताना बघितलं नाही, असं काहीतरी म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. सांगतो तुम्हाला, मला फार बरं वाटत होतं. शेजारच्याला म्हटलंसुद्धा, "बघ, कशी बोलते."

मग सई म्हणाली, "ताई, वाचकांना सगळ्यात आवडलेला तो तुकडा वाचाल?"

मालतीने मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागली.

"आमच्या बागेत तीस कलमं आहेत. एकतिसावं घरात आहे, टीव्हीसमोर. जागचं हलत नाही. संध्याकाळी सातला त्याला मोहोर येतो, साडेसातला गळून जातो. त्याला रोज पाणी घालावं लागतं, दिवसातून चारदा, तेही उकळून, आलं आणि साखर टाकून. फळ अजून धरलेलं नाही. सावली मात्र बरी आहे."

आणि लगेच पडद्यावर मी. थोरल्याखाली, नवीन टोपी घालून, छाती दोन इंच पुढे काढून, फवारणी मीच करतो म्हणून सांगताना.

घर असं हसलं की पत्र्यावरचा कावळा उडाला. सगळी वाडी मागे वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी खुर्चीत. हातात चहाचा कप. आल्याचा.

दत्ताराम तर डोळे पुसत होता. "भाऊ," म्हणाला, "उकाळलेलं पानी थंड होतंय, घ्या."

सावलीचं ते शेवटचं वाक्य त्या गोंधळात कोणी ऐकलंच नाही. मी ऐकलं. मागे वळून बघितलं तर मालती दारातून आत निघून गेली होती.

तेव्हापासून मोबाइलची पिशवी पुन्हा रोज फांदीला असते. ती मी टांगतो. आणि दर रविवारी मी तिचं सगळं वाचतो, अगदी पहिल्यापासून. दीडेकशे लेख झालेत वाचून. त्यातल्या एकशेदहांत मी आहे.

हे बघा, बोलता बोलता तुमचे कप रिकामे झाले, माझाही झाला. थांबा, मालतीला हाक नका मारू, ती लिहीत बसलीय. मीच टाकतो. हल्ली एकतिसावं आपलं पाणी आपणच घालून घेतं.